विश्लेषण : पोस्ट वैयक्तिक, शिक्षा कार्यालयात! राजकीय मत मांडल्याने नोकरी जाऊ शकते का?

रात्री घरी बसून फेसबुकवर चार ओळी लिहिल्या आणि सकाळी कार्यालयाचे ओळखपत्र चालेनासे झाले, असे अमेरिकेत २०२५ मध्ये शेकडो जणांच्या बाबतीत घडले. त्यात शिक्षक होते, विमान कंपन्यांचे कर्मचारी होते, पत्रकार होते. त्यांच्यापैकी काहींना न्यायालयाने किंवा तडजोडीने नोकरी परत मिळाली, काहींना दाद मागायला जागाच नव्हती. हा फरक त्यांनी काय लिहिले यामुळे पडला नाही, तर ते कोणाकडे नोकरी करत होते यामुळे पडला. राजकीय पोस्टमुळे नोकरी कशी जाते, कायदा कोणाला वाचवतो, भारतात आणि महाराष्ट्रात काय स्थिती आहे, याविषयी…

नेमके काय घडले?

अमेरिकेतील उजव्या विचारांचे कार्यकर्ते आणि ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ या संघटनेचे सहसंस्थापक चार्ली कर्क यांची १० सप्टेंबर २०२५ रोजी युटा व्हॅली विद्यापीठात कार्यक्रम सुरू असताना गोळी झाडून हत्या झाली. हत्येचा निषेध सर्वपक्षीय होता. मात्र समाजमाध्यमांवर काहींनी कर्क यांच्या वक्तव्यांची आठवण करून दिली, काहींनी उपहास केला आणि काहींनी उघड आनंद व्यक्त केला. काही तासांतच अशा पोस्टचे स्क्रीनशॉट, लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि नोकरीचे ठिकाण गोळा करणारी खाती आणि संकेतस्थळे उभी राहिली.

उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी १५ सप्टेंबरला कर्क यांच्याच पॉडकास्टचे सूत्रसंचालन करताना, हत्येचा आनंद साजरा करणाऱ्यांना जाब विचारा आणि त्यांच्या मालकालाही फोन करा, असे आवाहन केले. डेल्टा, अमेरिकन आणि युनायटेड या विमान कंपन्यांनी काही कर्मचाऱ्यांवर कारवाई केल्याचे जाहीर केले. ‘वॉशिंग्टन पोस्ट’च्या स्तंभलेखिका करेन अटिया यांना ब्लूस्कायवरील पोस्टनंतर काढण्यात आले. ‘रॉयटर्स’ने नोव्हेंबरमध्ये प्रसिद्ध केलेल्या पडताळणीनुसार ६०० हून अधिक अमेरिकनांना कर्क यांच्याविषयीच्या वक्तव्यांमुळे नोकरी गमवावी लागली, निलंबित व्हावे लागले किंवा अन्य शिस्तभंगाच्या कारवाईला सामोरे जावे लागले.

या ६०० जणांच्या पोस्ट एकसारख्या नव्हत्या. हत्येचे स्वागत करणारी पोस्ट आणि कर्क यांचेच जुने वाक्य शब्दशः सांगणारी पोस्ट यांत मोठे अंतर आहे. पण कारवाईच्या वेगात हे अंतर अनेकदा पुसले गेले.

पोस्टपासून बडतर्फीपर्यंतचा प्रवास कसा होतो?

या प्रवासाचे टप्पे जवळपास ठरलेले आहेत. पोस्ट लिहिली जाते शंभर-दोनशे ओळखीच्या लोकांसाठी. त्यांच्यापैकी एक जण स्क्रीनशॉट काढतो. इथेच ‘फक्त मित्रांसाठी’ या सेटिंगचा उपयोग संपतो, कारण सेटिंग पोस्टला लागू असते, तिच्या छायाचित्राला नाही. मूळ पोस्ट काढून टाकली तरी स्क्रीनशॉट फिरत राहतो.

दुसरा टप्पा ओळख जोडण्याचा. फेसबुकवरचे नाव लिंक्डइनवर टाकले की कंपनी, हुद्दा आणि शहर समोर येते. आपण वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेली माहिती दुसरा कोणी दोन मिनिटांत एकाच टेबलावर मांडतो. तिसरा टप्पा कंपनीला टॅग करण्याचा. लाखो अनुयायी असलेल्या एखाद्या खात्याने ‘ही व्यक्ती तुमच्याकडे काम करते का?’ असे विचारले की कंपनीच्या ई-मेल पत्त्यावर, ग्राहक सेवेच्या क्रमांकावर आणि गुगल रिव्ह्यूवर तोच मजकूर येऊ लागतो.

आता कंपनीच्या मनुष्यबळ विभागासमोर आकडा असतो, माणसे नसतात. आलेल्या दोन हजार ई-मेलपैकी किती खऱ्या ग्राहकांचे, किती परराज्यातून आलेले आणि किती एकाच नमुन्याची नक्कल, हे त्या क्षणी कळण्याचा मार्ग नसतो. मात्र निर्णयाची घाई असते. एका कर्मचाऱ्याच्या जागी दुसरा आणण्याचा खर्च मोजता येतो, बदनामीचा खर्च मोजता येत नाही. त्यामुळे न मोजता येणारा धोका टाळण्यासाठी मोजता येणारे नुकसान स्वीकारले जाते. म्हणजेच पोस्ट किती गंभीर होती यापेक्षा गोंगाट किती मोठा झाला, यावर शिक्षा ठरते.

ओळख चुकली तर?

तसेही झाले आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे श्वेतवर्चस्ववाद्यांनी मोर्चा काढला. मोर्चेकऱ्यांची छायाचित्रे टाकून त्यांना ओळखा, असे आवाहन ट्विटरवर सुरू झाले. एका मोर्चेकऱ्याच्या टी-शर्टवर ‘आर्कान्सा इंजिनीअरिंग’ असे लिहिले होते. तेवढ्या धाग्यावरून समाजमाध्यमांनी आर्कान्सा विद्यापीठातील अभियांत्रिकीच्या एका प्राध्यापकाला ‘ओळखले’. तो त्या वेळी शार्लट्सव्हिलच्या जवळपासही नव्हता. तरीही त्याला हाकलण्याची मागणी करणारे असंख्य संदेश विद्यापीठाला आले, घरचा पत्ता पसरवला गेला आणि त्याला पत्नीसह दुसरीकडे आसरा घ्यावा लागला. दाढी आणि चेहरेपट्टीतले साम्य एवढाच त्याचा दोष होता. विद्यापीठाने खातरजमा केली म्हणून नोकरी वाचली. चौकशीआधी कारवाई करणारा मालक असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

पण अमेरिकेत तर अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे ना?

आहे, पण ते कोणाविरुद्ध आहे हे पाहावे लागते. अमेरिकी राज्यघटनेतील पहिली दुरुस्ती सरकारचे हात बांधते, खासगी मालकाचे नाही. सरकारने तुम्हाला बोलल्याबद्दल शिक्षा करू नये, एवढेच तिचे सांगणे आहे. त्यामुळे सरकारी शाळेतील शिक्षिका आणि खासगी बँकेतील कारकून यांनी अगदी एकच वाक्य लिहिले, तरी कायदा त्यांच्याकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो.

खासगी क्षेत्रात मोंटाना वगळता सर्व राज्यांत ‘अॅट विल’ हे तत्त्व चालते. मालक कोणत्याही क्षणी, कोणत्याही कारणाने किंवा कारणाशिवाय कर्मचाऱ्याला काढू शकतो. फक्त ते कारण वंश, धर्म, लिंग यांसारखे कायद्याने निषिद्ध ठरवलेले नसावे. राजकीय मत या निषिद्ध यादीत देशपातळीवर नाही. काही राज्यांनी वेगळी वाट धरली आहे. कनेक्टिकटच्या कायद्याने खासगी कर्मचाऱ्यांनाही अभिव्यक्तीचे संरक्षण दिले आहे, मात्र त्या बोलण्याने कामात किंवा कामावरील संबंधांत मोठा अडथळा येता कामा नये. कॅलिफोर्नियात कर्मचाऱ्याच्या राजकीय कृतींवर मालकाला नियंत्रण ठेवता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये कामाच्या वेळेबाहेरील ठरावीक राजकीय कामांना संरक्षण आहे. म्हणजे राज्याची सीमा ओलांडली की हक्क बदलतो.

ज्युली ब्रिस्कमन यांचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. ऑक्टोबर २०१७ मध्ये सायकल चालवताना त्यांनी अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांच्या ताफ्याला मधले बोट दाखवले. ते छायाचित्र त्यांनी स्वतःच्या समाजमाध्यम खात्यांवर लावले आणि सरकारी कंत्राटे घेणाऱ्या त्यांच्या खासगी कंपनीने त्यांना काढले. बेकायदा बडतर्फीचा त्यांचा दावा व्हर्जिनियातील न्यायालयाने फेटाळला. पुढे २०१९ मध्ये त्या लाउडन काउंटीच्या स्थानिक मंडळावर निवडून आल्या. ट्रम्प यांचे गोल्फ मैदान त्यांच्याच मतदारसंघात आहे. मतदारांनी त्यांना न्याय दिला असे फार तर म्हणता येईल, कायद्याने दिला नाही.

सरकारी कर्मचाऱ्यांना किती संरक्षण?

सरकारी नोकरीत न्यायालय तराजू हाती घेते. १९६८ च्या ‘पिकरिंग’ खटल्यात इलिनॉयमधील एका शिक्षकाला शाळा मंडळाच्या पैशांच्या विनियोगावर टीका करणारे पत्र वर्तमानपत्राला लिहिल्याबद्दल काढले होते. सार्वजनिक प्रश्नावर नागरिक म्हणून बोलण्याचा हक्क एका पारड्यात आणि कामकाज सुरळीत चालवण्याची सरकारची गरज दुसऱ्या पारड्यात, असे सूत्र सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा मांडले आणि शिक्षकाच्या बाजूने कौल दिला.

कर्क प्रकरणात वारंवार आठवला गेलेला निकाल मात्र १९८७ चा, ‘रँकिन विरुद्ध मॅकफर्सन’. ३० मार्च १९८१ रोजी अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. टेक्सासमधील हॅरिस काउंटीच्या कॉन्स्टेबल कार्यालयात कारकुनी काम करणारी १९ वर्षांची तरुणी बातमी ऐकून सहकाऱ्याला म्हणाली, पुन्हा प्रयत्न झाला तर तो यशस्वी होवो. हे वरिष्ठांच्या कानावर गेले आणि तिची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मताने ही बडतर्फी घटनाबाह्य ठरवली. बोलणे कितीही अशोभनीय असले तरी ते रेगन यांच्या धोरणांवरील चर्चेच्या ओघात, सार्वजनिक विषयावर होते. ती धोरण ठरवणाऱ्या पदावर नव्हती आणि तिच्या बोलण्याने कार्यालयाचे काम अडले नव्हते, हे त्यामागचे तर्क.

या सूत्राचा उपयोग आताही झाला. साउथ डकोटा विद्यापीठातील एका कला प्राध्यापकाला काढण्याची प्रक्रिया सुरू होताच संघराज्य न्यायालयाने त्याला तात्पुरते पदावर ठेवण्याचा आदेश दिला. पुढे विद्यापीठाने कारवाई मागे घेतली. टेनेसीतील ऑस्टिन पी स्टेट विद्यापीठाने कर्क यांच्या बंदुकांविषयीच्या मताची जुनी बातमी शेअर करणाऱ्या एका प्राध्यापकाला काढले होते. तडजोडीत त्याला पुन्हा कामावर घ्यावे लागले आणि ५ लाख डॉलर द्यावे लागले. दोन्ही संस्था सरकारी होत्या. हीच पोस्ट एखाद्या खासगी दुकानातील विक्रेत्याने शेअर केली असती, तर बहुतेक राज्यांत त्याच्या हाती काहीच लागले नसते.

ही एकाच राजकीय बाजूची सवय आहे का?

नाही, आणि या विषयात हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. शार्लट्सव्हिलनंतर मालकांना फोन करणारे डावीकडचे होते. ‘द मँडलोरियन’ या मालिकेतील अभिनेत्री जिना कारानो हिला फेब्रुवारी २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील पोस्टमुळे लुकासफिल्मने दूर केले, तेव्हा उजव्या गटांनी त्याला ‘कॅन्सल कल्चर’ म्हटले. इलॉन मस्क यांच्या ‘एक्स’ कंपनीच्या आर्थिक मदतीने तिने दावा लावला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तडजोड झाली. त्यानंतर महिनाभरातच कर्क यांची हत्या झाली आणि भूमिकांची अदलाबदल झाली. कर्क यांच्या संघटनेने २०१६ मध्ये डाव्या विचारांच्या प्राध्यापकांची नावे देणारी ‘प्रोफेसर वॉचलिस्ट’ सुरू केली होती, हेही इथे नोंदवायला हवे.

व्हान्स यांच्याच दोन भूमिका शेजारी ठेवून पाहाव्यात. फेब्रुवारी २०२५ मध्ये मस्क यांच्या ‘डॉज’ या सरकारी खर्चकपात मोहिमेतील २५ वर्षांच्या एका अभियंत्याच्या जुन्या वर्णद्वेषी पोस्ट उघड झाल्या. भारतीयांविषयीचा द्वेष सर्वमान्य व्हावा, अशा आशयाची पोस्टही त्यात होती. त्याने राजीनामा दिला. तेव्हा व्हान्स यांनी अशा मूर्ख पोस्टमुळे एखाद्या मुलाचे आयुष्य बरबाद होऊ नये, असे सांगत त्याला परत घेण्याची बाजू घेतली आणि तो परतलाही. सात महिन्यांनी तेच व्हान्स दुसऱ्यांच्या मालकांना फोन करायला सांगत होते.

हत्यार तेच राहते, हात तेवढे बदलतात. ज्या दिवशी आपल्या विरोधकाची नोकरी गेल्याबद्दल टाळ्या वाजवल्या जातात, त्याच दिवशी आपल्या बाजूच्या माणसाची नोकरी घालवण्याची रीतही मान्य केलेली असते.

मग कंपन्यांचे म्हणणे अगदीच चूक आहे का?

तसेही नाही. काही कामांत कर्मचाऱ्याचे मत आणि त्याचे काम वेगळे करता येत नाही. २०१९ मध्ये अमेरिकेतील पोलिसांच्या फेसबुक पोस्टचा संग्रह ‘प्लेन व्ह्यू प्रोजेक्ट’ने प्रसिद्ध केला. त्यात वर्णद्वेषी आणि हिंसेला चिथावणी देणारा मजकूर आढळल्यावर फिलाडेल्फिया पोलिसांनी ७२ जणांना रस्त्यावरील कामातून हटवून कार्यालयात बसवले आणि त्यांतील १३ जणांना बडतर्फ करण्याचा निर्णय घेतला. ज्या समाजाविषयी उघड द्वेष लिहिला, त्याच समाजाच्या वस्तीत बंदूक घेऊन गस्त घालायची असेल, तर तो प्रश्न खासगी मताचा राहत नाही. रुग्णाविषयी घृणा व्यक्त करणारा परिचारक, विद्यार्थ्यांच्या जातीधर्माची टिंगल करणारा शिक्षक, सहकाऱ्याला धमकावणारा व्यवस्थापक यांनाही हेच लागू होते.

म्हणून कसोटी ‘पोस्ट आवडली का’ ही असू शकत नाही. तिचा त्या व्यक्तीच्या कामाशी संबंध आहे का, तिच्यात धमकी किंवा चिथावणी आहे का, तिच्यामुळे सहकारी, ग्राहक वा विद्यार्थी यांना प्रत्यक्ष धोका किंवा भेदभाव संभवतो का, हे प्रश्न विचारायला हवेत. फिलाडेल्फियात आधी काम बदलले, मग पोस्ट तपासल्या आणि नंतर कोणाला कोणती शिक्षा हे ठरले. ७२ जणांना एकच माप लावले गेले नाही. गोंगाटाच्या भरात नेमका हाच क्रम उलटा होतो.

इतर देशांत काय होते?

ऑस्ट्रेलियात राजकीय मतामुळे नोकरीवरून काढणे कायद्यानेच निषिद्ध आहे. पत्रकार अँटोनेट लाटूफ यांना सार्वजनिक प्रसारक ‘एबीसी’ने डिसेंबर २०२३ मध्ये पाच दिवसांच्या रेडिओ कंत्राटातील तिसऱ्या दिवसानंतर घरी पाठवले. त्यांनी गाझातील उपासमारीविषयीची ‘ह्यूमन राइट्स वॉच’ची पोस्ट शेअर केली होती. त्यांना काढावे यासाठी ‘एबीसी’कडे तक्रारींची संघटित मोहीम चालली होती. संघराज्य न्यायालयाने जून २०२५ मध्ये ही कारवाई बेकायदा ठरवून ७० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरची भरपाई दिली आणि सप्टेंबरमध्ये ‘एबीसी’ला आणखी दीड लाखांचा दंड केला. खटल्यावर ‘एबीसी’चे २० लाख डॉलरहून अधिक खर्च झाले. दोन दिवसांचे काम काढून घेण्याची ही किंमत!

ब्रिटनमध्ये संरक्षण आहे, पण त्याचा हिशेब नेहमीच समाधान देत नाही. चर्चमधील समलिंगी विवाहाविषयी फेसबुकवर सौम्य शब्दांत असहमती व्यक्त करणाऱ्या ट्रॅफर्ड हाउसिंग ट्रस्टच्या एका व्यवस्थापकाची पदावनती झाली आणि पगार ४० टक्क्यांनी घटला. उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये त्याला निर्दोष ठरवले. मात्र कराराच्या तांत्रिक हिशेबाने भरपाई मिळाली ९८ पौंड. फेब्रुवारी २०२५ मध्ये मात्र अपील न्यायालयाने ‘हिग्ज’ खटल्यात शाळेतील एका कर्मचारी महिलेला फेसबुक पोस्टवरून काढणे हे प्रमाणाबाहेरचे असल्याचा निकाल दिला. संस्थेला प्रतिमेची चिंता असू शकते, पण तेवढ्यावरून थेट बडतर्फी करता येत नाही, असा त्याचा अर्थ.

भारतात खासगी कर्मचाऱ्याला काय संरक्षण आहे?

राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) ने दिलेला अभिव्यक्तीचा हक्क मुळात राज्यसंस्थेविरुद्ध आहे. ‘कौशल किशोर’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने जानेवारी २०२३ मध्ये बहुमताने, हा हक्क राज्यसंस्थेव्यतिरिक्त इतरांविरुद्धही बजावता येऊ शकतो, असे म्हटले. मात्र खासगी कंपनीने काढल्यावर या निकालाच्या जोरावर सहज नोकरी परत मिळेल, असे समजणे धाडसाचे ठरेल. प्रत्यक्षात निर्णायक ठरतात ते नियुक्तिपत्र, कंपनीचे समाजमाध्यम धोरण आणि कामगार कायदा.

इथेही दोन गट पडतात. कायद्याच्या व्याख्येत ‘कामगार’ म्हणून बसणाऱ्याला आरोपपत्र, चौकशी आणि औद्योगिक न्यायाधिकरणाचा मार्ग आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत गैरवर्तन आणि शिक्षेची रीत ठरवणारे स्थायी आदेश ३०० किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना बंधनकारक आहेत. व्यवस्थापकीय पदावरील व्यक्तीला मात्र हा मार्ग नाही. तिच्या बाबतीत न्यायालये खासगी सेवाकरार सक्तीने चालू ठेवायला सहसा सांगत नाहीत. हाती येतो तो फार तर नोटीस कालावधीचा पगार.

भारतातील दोन घटना आठवाव्यात. एप्रिल २०१८ मध्ये कठुआतील बालिकेवरील अत्याचार आणि हत्येनंतर केरळमधील कोटक महिंद्र बँकेच्या एका कर्मचाऱ्याने त्या मुलीविषयी अत्यंत द्वेषपूर्ण प्रतिक्रिया फेसबुकवर लिहिली. संतापलेल्या लोकांनी बँकेच्या पानावर प्रतिक्रियांचा पाऊस पाडला. बँकेने त्या प्रतिक्रियेचा निषेध केला, पण कर्मचाऱ्याला काढण्याचे कारण ‘असमाधानकारक कामगिरी’ असे सांगितले. जानेवारी २०२१ मध्ये ‘गोएअर’ने पंतप्रधानांविषयी आक्षेपार्ह ट्वीट करणाऱ्या एका वैमानिकाला काढले. एका प्रकरणात द्वेष मृत बालिकेविषयी होता, दुसऱ्यात टीका सत्तेतील सर्वोच्च नेत्यावर होती. नैतिकदृष्ट्या यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, पण कार्यपद्धती एकच होती. आधी गोंगाट झाला, मग काही तासांत किंवा दिवसांत पत्र निघाले. पहिल्या प्रकरणातील कारणाची शब्दरचना तर विशेष सूचक आहे. कागदावर ‘कामगिरी’ असे लिहिले की पोस्टवर वादच घालता येत नाही.

सरकारी कर्मचारी आणि महाराष्ट्राचे नियम

भारतात सरकारी नोकर म्हणजे मूलभूत हक्क गमावलेली व्यक्ती नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने ‘कामेश्वर प्रसाद’ प्रकरणात १९६२ मध्येच स्पष्ट केले. तरीही वर्तणूक नियम कडक आहेत. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १९६४ च्या नियमांनुसार राजकारणात भाग घेणे आणि सरकारवर जाहीर टीका करणे वर्ज्य आहे. त्रिपुरा उच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये या दोहोंतील रेषा आखली. निवृत्तीला काही दिवस उरलेल्या एका कर्मचारी महिलेला राजकीय सभेला हजर राहणे आणि फेसबुक पोस्ट यांवरून निलंबित केले होते. सभेला उपस्थित असणे म्हणजे राजकारणात भाग घेणे नव्हे आणि नियमांच्या मर्यादेत मत मांडण्याचा हक्क तिला आहे, असे सांगत न्यायालयाने विभागीय कारवाई रद्द केली.

महाराष्ट्र शासनाने जुलै २०२५ मध्ये १९७९ च्या वर्तणूक नियमांच्या आधारे समाजमाध्यम वापराविषयी शासन निर्णय काढला. केंद्र, राज्य किंवा देशातील कोणत्याही सरकारच्या धोरणावर प्रतिकूल टीका करू नये, वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत, पदनाम, बोधचिन्ह, गणवेश यांचा वैयक्तिक खात्यावर वापर टाळावा, अशा सूचना त्यात आहेत. कंत्राटी कर्मचारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांपर्यंत त्याची व्याप्ती आहे. म्हणजे अमेरिकेत सरकारी कर्मचारी खासगी कर्मचाऱ्यापेक्षा मोकळा, तर आपल्याकडे बोलण्याबाबत तोच अधिक बांधलेला. मात्र त्याला काढताना चौकशी करावीच लागते, हे त्याचे कवच.

चौकशीचे मोल किती, हे पुण्यातील एका प्रकरणाने दाखवले. ते नोकरीचे नव्हते, शिक्षणाचे होते. मे २०२५ मध्ये ‘ऑपरेशन सिंदूर’संबंधी एक पोस्ट अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनीने शेअर केली. टीका होताच दोन तासांत ती काढून माफीही मागितली. तरीही तिला अटक झाली आणि महाविद्यालयाने बाजू ऐकून न घेता नाव काढून टाकले. परीक्षा सुरू असताना ती तुरुंगात होती. मुंबई उच्च न्यायालयाने २७ मे रोजी तिच्या सुटकेचा आदेश देत महाविद्यालयाच्या आदेशालाही स्थगिती दिली. मुलीला बाजू मांडण्याची संधीच न देणे, हा न्यायालयाच्या नाराजीचा एक मुख्य मुद्दा होता.

परदेशात नोकरी करणाऱ्यांनी काय लक्षात ठेवावे?

तिथे नोकरीबरोबर राहण्याचा परवानाही पणाला लागतो. एप्रिल २०२० मध्ये करोनाकाळात मुस्लीमविरोधी पोस्ट लिहिल्याबद्दल संयुक्त अरब अमिरातीत अनेक भारतीयांच्या नोकऱ्या गेल्या. तेथे द्वेष आणि भेदभावाविरुद्ध २०१५ पासून स्वतंत्र कायदा आहे. भारताचे तत्कालीन राजदूत पवन कपूर यांना भेदभाव हा आपल्या मूल्यांच्या आणि कायद्याच्या विरोधात असल्याची आठवण तिथल्या भारतीयांना जाहीरपणे करून द्यावी लागली होती. मायदेशातील व्हॉट्सअॅप गटात सहज खपणारा मजकूर दुबईत गुन्हा ठरू शकतो, हा त्याचा धडा.

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली तर नवा मालक शोधायला किंवा देश सोडायला साधारण ६० दिवस मिळतात. घरभाडे, गाडीचा हप्ता, मुलांची शाळा हे सगळे त्या ६० दिवसांत आले. कर्क यांच्याविषयीच्या वक्तव्यांवरून अमेरिकी परराष्ट्र खात्याने ऑक्टोबर २०२५ मध्ये सहा परदेशी नागरिकांचे व्हिसा रद्द केले. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्या एच-४ अर्जदारांना समाजमाध्यम खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगण्यात आले आहे. त्यामुळे पुण्यात किंवा नाशिकमध्ये बसून काल लिहिलेली पोस्ट उद्या व्हिसा अधिकाऱ्याच्या टेबलावर असू शकते.

यातून मार्ग काय?

कर्मचाऱ्याच्या बाजूने काही गोष्टी साध्या आहेत. नियुक्तिपत्र आणि समाजमाध्यम धोरण एकदा पूर्ण वाचावे. ‘मते वैयक्तिक’ ही प्रोफाइलवरील ओळ कायदेशीर ढाल नाही, हे ओळखावे. वाद पेटलाच तर पोस्टची, आलेल्या धमक्यांची आणि कंपनीशी झालेल्या पत्रव्यवहाराची प्रत जपून ठेवावी. फोनवर किंवा बैठकीत दबावाखाली राजीनामा लिहून देऊ नये. राजीनामा दिला की ‘काढले’ असे म्हणण्याची जागा उरत नाही आणि चौकशीचा हक्कही जातो.

कंपन्यांनी मात्र गोंगाट होण्याआधीच नियम लिहून ठेवायला हवेत. कोणती पोस्ट गैरवर्तन ठरते, हे ‘कंपनीच्या प्रतिमेला बाधा’ अशा रबरी शब्दांत न सांगता उदाहरणांसह सांगावे. पोस्ट खरी आहे का, त्याच व्यक्तीची आहे का, याची खातरजमा करावी. लेखी म्हणणे ऐकावे. ताकीद, बदली, निलंबन अशा पायऱ्या असताना थेट शेवटची पायरी गाठू नये. आणि सर्वांत अवघड कसोटी म्हणजे, हीच पोस्ट विरुद्ध बाजूच्या कर्मचाऱ्याने लिहिली असती तर हाच निर्णय घेतला असता का, हे स्वतःला विचारावे.

राजकीय मताला नोकरीत संरक्षण असावे का, यावर आपल्याकडे कायदेमंडळात फारशी चर्चा झालेली नाही. ती होईपर्यंत कोणाचे बोलणे महाग पडेल, हे कायद्यापेक्षा जमाव ठरवत राहील. गृहकर्जाचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस अशा वेळी बोलत नाही. त्याला कोणी गप्प बसायला सांगितलेले नसते. शेजारच्या टेबलावरची रिकामी खुर्ची त्याने पाहिलेली असते, तेवढे पुरेसे असते.